पात्राचा हत्याराशी सूर कसा जुळवायचा: अट्यूनमेंट, पायरी-पायरीने

आमचा गट दर रविवारी दुपारी जळगावात जमतो. दोघं भुसावळहून पॅसेंजरने येतात, एक जण चाळीसगावहून. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने आपलं पात्र रंगवायचा गोष्टीचा खेळ. बोलणं मराठीत, रंगात आलं की अहिराणीत. आमच्या खेळातलं जग तापीच्या खोऱ्यासारखं आहे: उत्तरेला डोंगरांची भिंत, खाली काळी जमीन, मधूनमधून पडके किल्ले. डीएम, म्हणजे गोष्ट आणि जग चालवणारा, मी असतो, आणि जवळजवळ प्रत्येक नव्या खेळाडूशी माझा एकाच गोष्टीवरून वाद होतो. पेटी उघडली, जादूची तलवार निघाली, की तो म्हणतो, "उपसतो आणि वार करतो. आग लागली ना?"

नाही लागत. त्या क्षणी त्याच्या हातात फक्त एक चांगली तलवार असते. तिच्यातली जादू त्याच्या पात्राला ओळखत नाही. ती ओळख करून देण्याला खेळात अट्यूनमेंट म्हणतात. आम्ही त्याला 'सूर जुळवणं' म्हणतो. नियम दोन-चार परिच्छेदांचा आहे, म्हणून सगळे तो वरवर वाचतात आणि ऐन लढाईत अडकतात. खालचा क्रम २०१४ च्या आवृत्तीला धरून आहे. २०२४ च्या आवृत्तीतही गाभा तोच आहे, फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: शीटवर तीन चौकटी

कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या, कोपऱ्यात पेन्सिलीने तीन चौकटी काढा. पेन्सिलीनेच, कारण त्या खोडाव्या लागणार आहेत. एका पात्राचा सूर एका वेळी जास्तीत जास्त तीन वस्तूंशी जुळतो. चौथी वस्तू हवी असेल तर आधीच्या तिघींपैकी एक सोडावी लागते. आर्टिफिसर हा वर्ग (म्हणजे पात्राचा पेशा) याला अपवाद आहे: त्याला १० व्या लेव्हलला चार, १४ व्या लेव्हलला पाच आणि १८ व्या लेव्हलला सहा वस्तू चालतात.

चौकटींखाली तुमच्याकडच्या सगळ्या जादूच्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे 'सूर लागतो' किंवा 'लागत नाही' असं लिहा. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. जादूची प्रत्येक वस्तू अट्यूनमेंट मागत नाही. फाशाच्या आकड्यात एक मिळवून देणारी साधी प्लस वन तलवार मागत नाही, बॅग ऑफ होल्डिंगही नाही. फ्लेम टंग तलवार मागते, रिंग ऑफ प्रोटेक्शन मागते. बूट्स ऑफ एल्व्हनकाइंड मागत नाहीत, पण त्यांच्याच जोडीचा वाटणारा क्लोक ऑफ एल्व्हनकाइंड मागतो. अंदाजाने ठरवू नका, वस्तूच्या वर्णनाची पहिली ओळ वाचा. अट असेल तर ती तिथेच लिहिलेली असते.

तपासणी: तिन्ही चौकटी भरलेल्या दिसत असतील तर त्यात एखादी अट्यूनमेंट न मागणारी वस्तू सवयीने लिहिली गेली आहे का, ते बघा. आमच्या चाळीसगावच्या मित्राने सहा महिने एक चौकट प्लस वन ढालीला दिली होती.

## १. आधी ओळखा, मग जुळवा

वस्तू काय आहे हे कळायचे मुख्य मार्ग दोन. पहिला म्हणजे आयडेंटिफाय हा मंत्र. त्याला एक मिनिट लागतं, रिच्युअल म्हणून, म्हणजे संथ विधीने, केला तर अकरा मिनिटं. १०० सोन्याच्या नाण्यांच्या किमतीचा मोती जवळ लागतो, पण तो खर्च होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे वस्तू अंगाशी धरून एक शॉर्ट रेस्ट घ्यायची, म्हणजे किमान एक तासाची छोटी विश्रांती. तासाच्या शेवटी वस्तूचे गुण कळतात.

आता नीट वाचा: ज्या शॉर्ट रेस्टमध्ये वस्तू ओळखली, त्याच शॉर्ट रेस्टमध्ये तिच्याशी सूर जुळत नाही. ओळखीचा तास वेगळा आणि जुळवणीचा तास वेगळा. ही ओळ जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

ओळख झाल्यावर अटी बघा. काही वस्तू ठरावीक वर्गालाच वश होतात. होली अव्हेंजर फक्त पॅलाडिनला. स्टाफ ऑफ पॉवर सॉर्सरर, वॉरलॉक किंवा विझार्ड या जादूगार वर्गांना. 'स्पेलकास्टर' अशी अट असेल तर पात्राला स्वतःच्या अंगच्या किंवा वर्गाच्या बळावर किमान एक मंत्र टाकता यायला हवा. फायटरने (साध्या लढवय्याने) जादूची कांडी वापरून मंत्र टाकला तर तो स्पेलकास्टर ठरत नाही.

इशारा: वस्तूला शाप असेल तर तो आयडेंटिफायने बहुतेक वेळा कळत नाही. ओळख पटली म्हणजे वस्तू निर्धोक आहे असं समजू नका.

## २. कुणाला द्यायची, कोणती सोडायची

हे शॉर्ट रेस्ट घेण्याआधी ठरलं पाहिजे. तास सुरू झाल्यावर "थांब, ती मला दे" असं चालत नाही.

गटात एकाच शॉर्ट रेस्टमध्ये चार जण चार वेगवेगळ्या वस्तूंशी सूर जुळवू शकतात. पण एका माणसाला एका शॉर्ट रेस्टमध्ये एकच वस्तू. दोन अंगठ्या मिळाल्या तर दोन तास. शिवाय त्या दोन्ही एकसारख्या असतील, समजा दोन रिंग ऑफ प्रोटेक्शन, तर दुसरी जुळतच नाही. एकाच वस्तूच्या दोन प्रती एका पात्राला चालत नाहीत. रिंग ऑफ प्रोटेक्शन आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शन मात्र एकत्र चालतात. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दोन चौकटी खातात.

खरी अडचण येते ती तिन्ही चौकटी भरलेल्या असताना. जुना सूर सोडायलाही एक शॉर्ट रेस्ट लागते, त्याच वस्तूवर लक्ष ठेवून. म्हणजे हिशेब असा होतो:

- नवी वस्तू ओळखायला १ तास
- जुनी सोडायला १ तास
- नवी जुळवायला १ तास

आयडेंटिफाय मंत्र जवळ असेल तर पहिला तास अकरा मिनिटांवर येतो. नाही तर तीन तास, आणि तीन तासांत किल्ल्यातले पहारेकरी काय करतील हा प्रश्न डीएम नक्की विचारतो. मी तरी विचारतोच.

काय सोडायचं याचा निर्णय घाईत घेऊ नका. ॲम्युलेट ऑफ हेल्थ पात्राचं कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणाचा आकडा, १९ वर नेऊन ठेवतो. तो सोडला की कॉन्स्टिट्यूशन मूळ आकड्यावर येतं आणि त्याबरोबर जास्तीत जास्त हिट पॉइंट्स, म्हणजे जीव किती उरला हे मोजणारा आकडा, खाली येतात. कॉन्स्टिट्यूशनवरून मिळणारी भर (मॉडिफायर) दर लेव्हलमागे धरतात, म्हणून आठव्या लेव्हलच्या पात्राची ती प्लस चारवरून प्लस एकवर आली तर तब्बल २४ हिट पॉइंट्स जातात. उलट गॉंटलेट्स ऑफ ओगर पॉवर स्ट्रेंग्थ १९ करतात, पण ज्याची स्ट्रेंग्थ आधीच १९ किंवा त्याहून जास्त आहे त्याला त्यांचा काही उपयोग नाही. असे हातमोजे भारी दिसतात म्हणून सगळ्यांत ताकदवान गड्याला दिले जातात. ते द्यावेत दुबळ्या पुजाऱ्याला किंवा बार्डला.

तपासणी: नवी वस्तू शरीरावर कुठे बसणार? बुटांची एक जोडी, हातमोज्यांची एक जोडी, एकच अंगरखा, डोक्यावर एकच काही. चौकट रिकामी असली तरी पाय दोनच असतात.

## ३. जागा आणि पहारा

शॉर्ट रेस्ट मधेच मोडली तर सूर जुळत नाही. अर्धा तास झाला होता म्हणून अर्धा सूर मिळत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून जागा निवडताना पाणी आणि सावली यापेक्षा वाट महत्त्वाची. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यावर खडकात कोरलेली टाकी आहेत. आमच्या खेळातले किल्ले मी त्यावरूनच रचतो. खेळाडू हमखास टाक्याच्या काठावर बसतात, कारण तिथे पाणी असतं. पण पाणी असतं तिथे बाकीचेही येतात. दोनदा त्यांची जुळवणी टाक्याच्या काठावर मोडली, तिसऱ्या वेळी ते तटबंदीच्या कोपऱ्यात गेले.

सूर जुळवणाऱ्याला पहाऱ्यावर बसवू नका. त्या तासात त्याचं लक्ष फक्त त्या वस्तूवर असलं पाहिजे आणि वस्तू त्याच्या अंगाला लागलेली हवी. शॉर्ट रेस्टच्या शेवटी हिट डाइस (बरं होण्यासाठीचे फासे) टाकून हिट पॉइंट्स मात्र नेहमीसारखे परत घेता येतात, ते विसरू नका.

रात्रीच्या लाँग रेस्टमध्ये झोपेतच सूर जुळला असं आम्ही धरत नाही. तुमचा डीएम धरत असेल तर ते खेळ सुरू होण्याआधी ठरवून घ्या.

## ४. तो तास खेळा

या पायरीसाठीच मी हा लेख लिहायला घेतला. निम्मे गट इथे "एक तास गेला, झालं अट्यून" म्हणून पुढे जातात. नियमाने चालतं. पण मग सहा सत्रांनी ती तलवार नुसता एक आकडा होते आणि हरवली तर कुणाला काही वाटत नाही. पात्राचं हत्याराशी नातं याच तासात तयार होतं.

नियमानेच त्या तासाला रूप दिलेलं आहे: हत्यार असेल तर त्याचा सराव, इतर जादूची वस्तू असेल तर ध्यान, किंवा वस्तूला साजेसं काहीतरी. त्यातून दोन-तीन मिनिटांचं वर्णन काढायचं. त्याहून लांबवलं तर बाकीचे कंटाळतात.

आमचे आजोबा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कुऱ्हाडीचा जुना दांडा काढायचे. घरातली सगळी हत्यारं, विळे, कुदळ, वाकस, ओसरीवर मांडलेली असायची. उद्या पूजा, म्हणून आज डागडुजी. धावड्याचा वाळवलेला तुकडा वाकसाने तासत, मग फुटक्या काचेच्या तुकड्याने घासत. कुऱ्हाडीत बसवून वरून पाचर ठोकत आणि अख्खं डोकं रात्रभर बादलीत बुडवून ठेवत, लाकूड फुगून घट्ट बसावं म्हणून. सकाळी ती पुसून हवेत दोनदा फिरवत. दुसऱ्या वेळी हात बोटभर खाली घेत. तिथेच मग पुढची दहा वर्षं हाताचा घट्टा पडायचा. काकांनी ती कुऱ्हाड घेतली की म्हणायचे, "हात बसत नाही." आजोबांचा बसायचा.

हे मी आमच्या टेबलावर सांगितलं तेव्हा बार्बेरियन खेळणारा भुसावळचा मित्र ऐकत होता. त्याच्या पात्राला एका ओढ्याच्या काठी जादूची कुऱ्हाड मिळाली होती. आपल्या तासात त्याने तिला धार लावली नाही. तो म्हणाला, माझं पात्र दांड्यावरचा जुना घट्टा शोधतं. तो सापडतो, पण माझ्या हातापेक्षा वर आहे. आधीचा मालक बुटका होता. मी हात तिथेच ठेवून सबंध तास वार करत राहतो, शेवटच्या वारात हात आपोआप खाली सरकतो आणि पात्यावर पहिल्यांदा उजेड चढतो. मग तो अहिराणीत म्हणाला, "हाई कुऱ्हाड मनी शे." त्या दिवसापासून ती कुऱ्हाड टेबलावरच्या सगळ्यांना ओळखीची झाली.

असं वर्णन जमायला तीन गोष्टी ठरवा:

- पात्र हाताने नेमकं काय करतं? धनुष्य असेल तर दोरी चढवून, ताणून, उतरवून पुन्हा चढवणं. ढाल असेल तर आतला पट्टा आपल्या दंडाला बेतून घेणं. अंगठी असेल तर कोणत्या बोटात ती अडते आणि कोणत्यात फिरते.
- आधीच्या मालकाची कोणती खूण वस्तूवर आहे? हे डीएमला विचारा. डीएम असाल तर एकच खूण द्या, गोष्ट सांगत बसू नका.
- जादू जागी होते ते कशावरून कळतं? ऊब, वजन, आवाज, वास, यातलं एकच काहीतरी.

इशारा: वर्णनातून नवे गुण मागू नका. "पात्यावर उजेड चढला म्हणजे मला अंधारात दिसतं ना?" असं विचारलं की डीएम पुढच्या वेळी वर्णनच नको म्हणतो.

## ५. वर्गाचे बंध वेगळे असतात

दोन वर्गांच्या बाबतीत अट्यूनमेंट आणि हत्याराचा बंध यांची गल्लत होते.

एल्ड्रिच नाइट हा फायटरचा प्रकार तिसऱ्या लेव्हलला हत्याराशी बंध जोडतो. त्यालाही तासाभराचा विधी लागतो, तो शॉर्ट रेस्टमध्ये करता येतो, आणि हत्यार पूर्ण वेळ हाताशी हवं. असे दोन बंध ठेवता येतात, तिसरा हवा तर एक तोडायचा. बंध झाल्यावर पात्र बेशुद्ध किंवा असहाय झाल्याशिवाय ते हत्यार हातातून कुणी पाडू शकत नाही, आणि दूर पडलेलं हत्यार बोनस ॲक्शनने हातात बोलावता येतं, पात्र आणि हत्यार एकाच लोकात (खेळातल्या एकाच विश्वात) असले म्हणजे झालं. साधी, बिनजादूची तलवारही चालते. पण हा बंध अट्यूनमेंटची जागा घेत नाही. फ्लेम टंगशी बंध जोडला तरी ती पेटवायला सूर वेगळा जुळवावा लागतो. माझा सल्ला: दोन्हींसाठी दोन वेगळे तास ठेवा, म्हणजे वाद होत नाही.

वॉरलॉकचा पॅक्ट ऑफ द ब्लेड आवृत्तीप्रमाणे बदलतो. २०१४ मध्ये जादूच्या हत्याराला स्वतःचं करायला तासाभराचा विधी लागत होता. २०२४ मध्ये हात लावून बोनस ॲक्शनने ते होतं, मात्र दुसऱ्या कुणाचा त्या हत्याराशी सूर जुळलेला असेल तर होत नाही. तुमच्या टेबलावर कोणतं पुस्तक चालतं हे आधी विचारा. दोन्ही पुस्तकं एकत्र उघडून बसलेला वॉरलॉक सगळ्यांची संध्याकाळ खातो.

## ६. सूर टिकवा

जुळलेला सूर चार कारणांनी तुटतो:

- वस्तू १०० फुटांपेक्षा, म्हणजे साधारण ३० मीटरपेक्षा, जास्त लांब सलग २४ तास राहिली.
- दुसऱ्या कुणी तिच्याशी सूर जुळवला.
- पात्र तिच्या अटीत बसेनासं झालं.
- पात्र मेलं.

पहिलं कारण रोजच्या खेळात सगळ्यांत जास्त फसवतं. आमच्या एका मोहिमेत सारंगखेड्याच्या घोडेबाजारासारखी मोठी जत्रा होती. जत्रेत हत्यारं न्यायला बंदी, म्हणून सगळ्यांनी आपली हत्यारं नदीकाठच्या धर्मशाळेत ठेवली. एक रात्र आणि एक दिवस जत्रेत गेला. दुसऱ्या संध्याकाळी परत येताना वाटेत दरोडेखोर. पॅलाडिनने धावत जाऊन तलवार उपसली आणि ती पेटली नाही. त्याने शीट तीनदा वाचलं. मी फक्त विचारलं, "काल किती वाजता ठेवली होती?"

चौथं कारणही विसरतात. शून्य हिट पॉइंट्सवर बेशुद्ध पडलात तर सूर तुटत नाही. मेलात आणि रिव्हिव्हिफाय या जिवंत करणाऱ्या मंत्राने परत उठलात तर तिन्ही चौकटी रिकाम्या असतात. उठल्यावर लगेच ॲम्युलेट ऑफ हेल्थचे हिट पॉइंट्स मोजू नका.

तपासणी: प्रत्येक लाँग रेस्टला शीटवरच्या तिन्ही वस्तू आत्ता कुठे आहेत हे मोठ्याने म्हणा. दहा सेकंदांचं काम आहे.

## ७. शापित आणि बोलती हत्यारं

शापित वस्तूशी सूर जुळला की तो आपल्या मर्जीने सोडता येत नाही, आधी शाप उतरावा लागतो. बर्सर्कर ॲक्स हे नेहमीचं उदाहरण. ती प्रत्येक लेव्हलमागे एक हिट पॉइंट वाढवते म्हणून मोह होतो. पण ती बाजूला ठेवायला पात्र तयार होत नाही, आणि शत्रूने जखम केली की डीसी १५ चा विझडम सेव्ह (फासा टाकून १५ चा आकडा गाठायचा बचाव) चुकला तर पात्र बेभान होऊन सुटतं. रिमूव्ह कर्स हा मंत्र अशा वस्तूशी जुळलेला सूर तोडतो, पण वस्तूतला शाप तिथेच राहतो. मंत्रानंतर ती कुऱ्हाड गटातल्या दुसऱ्याने उचलली तर तोच खेळ पुन्हा सुरू होतो. ती पुरा, फेका, देवळात जमा करा, काहीही करा, पण खांद्यावर टाकू नका.

ज्या हत्यारांना स्वतःचं मन असतं त्यांच्याशी नातं दोन बाजूंनी असतं. त्यांना स्वतःची बुद्धी, हेतू आणि हट्ट असतो. मालक त्या हेतूच्या आड गेला की हत्यार आणि मालक एकमेकांविरुद्ध करिष्माचा (प्रभावाचा) फासा टाकतात. हत्यार जिंकलं की ते आपली मागणी पुढे करतं. अशा हत्याराशी सूर जुळवण्याआधी त्याच्याशी बोला. त्याला काय हवं आहे ते विचारा आणि उत्तर शीटवर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

## पाथफाइंडर खेळत असाल तर

पाथफाइंडर हा याच धर्तीचा दुसरा खेळ. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत वरचा हिशेब लागू नाही. तिथे अंगावर घालायच्या वस्तू रोज सकाळच्या तयारीत इन्व्हेस्ट करायच्या, म्हणजे आपल्याशी जोडून घ्यायच्या, असतात आणि दिवसाला मर्यादा दहाची. वस्तू काढून ठेवली तरी त्या दिवसाच्या मोजणीत ती धरली जाते. म्हणून सारखी काढ-घाल करू नका.

## ८. मेलेल्याचं हत्यार घेताना

परत डंजन्स अँड ड्रॅगन्सकडे. मालक मेला की सूर आपोआप सुटलेला असतो, त्यामुळे वारसाला चोवीस तास थांबायची गरज नाही. एक शॉर्ट रेस्ट आणि एक रिकामी चौकट पुरते. गुण आधीच माहीत आहेत, म्हणून ओळखीचा तासही लागत नाही. घाई मात्र करू नका. आमच्याकडे तो तास नवा मालक नाही, मेलेल्या पात्राचा खेळाडू सांगतो: हत्यार कुठे झिजलं होतं, कुठे धरायचं, कोणत्या लढाईत त्याला खाच पडली. मग जुन्या शीटवरची त्या वस्तूची ओळ कात्रीने कापून नव्या शीटला स्टेपल करतो. भुसावळच्या मित्राची कुऱ्हाड सध्या तिसऱ्या शीटवर आहे, आणि दांड्यावर आता तीन घट्टे आहेत.